ख्रिस्ती लेखिकांच्या कथांतील आपले घर

मराठी कादंबरीच्या इतिहासात बेळगाव जिल्ह्याचे नाव जितक्या ठळकपणे यावयास हवे तितके ते येत नाही. इ. स. १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध करणारे बाबा पदमनजी हे बेळगावचे. आणि १८७१ मध्ये 'मोचनगड' लिहून मराठीतल्या ऐतिहासिक कादंबरीचा पाया घालणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे त्याच जिल्ह्यातील जांबोटीचे. एका पुस्तकात विधवांचे हाल, दुसऱ्यात शिवकालातील गड. पुढे गडांचा वंश फार वाढला. आपल्या कोणत्याही देवस्थानच्या वाचनालयातील कपाट उघडून पाहावे. हरि नारायण आपटे, नाथमाधव आणि त्यांच्या मागून आलेले असंख्य कादंबरीकार तेथे हातोहात फिरून कोपरे मोडलेल्या अवस्थेत सापडतील. पहिल्या पुस्तकाचा वंशही खुंटला नाही. परंतु तो वाढला परक्या अंगणात, ख्रिस्ती झालेल्या मराठी स्त्रियांच्या हातून आणि इंग्रजी भाषेत. त्यामुळे आपल्या कपाटात त्याला जागा मिळाली नाही. गेली काही वर्षे ही पुस्तके मी एकापाठोपाठ एक वाचीत आहे आणि माझे मत असे होत चालले आहे की, आपल्या तटबंदीचा इतिहास आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत असेल, पण आपल्या माजघराचा इतिहास शोधावयाचा तर तो या दुसऱ्या कपाटातच शोधावा लागेल.

हे म्हणणे देवळाशी ज्यांचे पिढ्यान्पिढ्यांचे नाते आहे अशा वाचकांस, विशेषतः गोमंतकातील वाचकांस, सहजी रुचणार नाही याची मला जाणीव आहे. 'ख्रिस्ती वाङ्मय' हा शब्द आपल्या कानांवर मोकळेपणाने पडत नाही. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आणि रामनाथ लोटलीहून बांदिवड्यास आला, ही स्थलांतरे आपण तिथीनक्षत्रासारखी पाठ केलेली आहेत. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले व मधला थोडा खंड सोडल्यास ते १८१२ पर्यंत टिकले. अशा भूमीत ख्रिस्ती धर्मोपदेशकाने लिहिलेला ग्रंथ हा प्रथम संशयाचाच विषय ठरावयाचा. तरीही याच भूमीत, १६१६ साली, रायतूर येथे थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापले गेले आणि आज मराठीच्या थोरवीचा प्रश्न निघाला की आपलीच मंडळी त्याचा दाखला अभिमानाने देतात. म्हणजे लेखकाचा हेतू एक आणि ग्रंथाचे मोल दुसरे, हा विवेक आपणांस अगदीच अपरिचित नाही. स्टीफन्सला जी सवलत आपण दिली ती नगरच्या एका मराठी मुलीला द्यावयास आपण का कचरतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम 'यमुनापर्यटना'विषयी थोडे. बाबा पदमनजींचा जन्म १८३१ चा, बेळगावातील कासार कुटुंबातला. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी हे पुस्तक लिहिले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा; म्हणजे कायद्याची शाई वाळते न वाळते तोच ही कथा बाहेर पडली. यमुना व तिचा पती विनायकराव प्रवासास निघतात आणि वाटेत त्यांना ठिकठिकाणी विधवा भेटतात. कोणी केशवपनाला कंटाळलेली, कोणी दिराच्या घरी राबणारी, कोणी फसलेली. पुढे खुद्द यमुनेवरच वैधव्य कोसळते, आणि अखेरीस ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. हिला मराठीतली पहिली कादंबरी म्हणावे की प्रचाराचे पुस्तक म्हणावे, यावर टीकाकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. मला हा वाद निष्फळ वाटतो. 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची. त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांत राजपुत्र, बाग, महाल, अद्भुत योगायोग यांची रेलचेल होती. अशा वेळी एक जोडपे प्रवास करते आणि खऱ्या गावांतून खऱ्या बायकांशी बोलते, ही कल्पनाच केवढी धीट होती!

मात्र पदमनजींच्या यमुनेला एक गोष्ट कधीच करता येत नाही. लेखकाने आधीच काढून ठेवलेल्या उत्तराबाहेर तिला एक पाऊल टाकता येत नाही. ज्या विधवा तिला भेटतात त्या आपले दुःख सांगतात आणि लागलीच साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरल्याप्रमाणे निघून जातात. त्या दिवसभर काय करीत, कशावर हसत, कोणत्या देवाला नवस बोलत, हे लेखकाला विचारावेसे वाटले नाही. पदमनजी पुरुष होते, तरुण होते आणि नव्या धर्मात नुकतेच आलेले होते. या तिन्ही गोष्टींचा ठसा पुस्तकावर आहे. स्त्रीच्या हाती लेखणी आल्यावर हेच चित्र कसे पालटते हे पाहण्यासाठी आपणांस तीस वर्षे पुढे आणि बेळगावाहून मद्रासेस जावे लागते. मराठी घरातली एक मुलगी तेथे विवाहित होऊन राहिली होती.

कृपाबाईंचा जन्म १८६२ चा, अहमदनगरचा. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई ही दोघेही ब्राह्मण कुळातली, अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावाखाली ख्रिस्ती झालेली. (खिस्ती हे आडनाव मूळचेच, धर्मांतराशी त्याचा संबंध नाही, हे अक्षरसाम्यामुळे मुद्दाम सांगावे लागते.) या मिशनने नगरास १८३१ मध्ये ठाणे घातले होते. वडील लवकर गेले. थोरला भाऊ भास्कर याने या मुलीला वाचनाची गोडी लावली आणि तोही अकाली वारला. पुढे मिशनच्या शाळेतील शिक्षण, वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडास जाण्याची संधी, प्रकृतीमुळे ती हातची जाणे, आणि १८७८ मध्ये मद्रासच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश. त्या कॉलेजाचे दार स्त्रियांसाठी उघडून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. तेथेही वर्षभरातच शरीराने दगा दिला. ज्या घरी ती राहत होती त्या रेव्हरंड सत्यनाथन यांच्या केंब्रिजहून परतलेल्या मुलाशी, सॅम्युएलशी, तिचा विवाह झाला. उटकमंड, राजमहेंद्री, कुंभकोणम आणि पुन्हा मद्रास, असा तिचा संसार फिरत राहिला. 'सगुणा' ही पहिली कथा १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली. 'कमला' १८९४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि त्याच वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई वारल्या. त्यांचे एकुलते एक मूल त्यांच्या आधीच गेले होते.

'सगुणा' हे नाव कादंबरीचे असले तरी तिचा बहुतेक भाग आत्मचरित्रच आहे. तिच्या उत्तरार्धाचीच चर्चा आजवर अधिक झाली. शिकू पाहणारी मुलगी, लग्नापेक्षा स्वातंत्र्याची ओढ असलेली, अभ्यासात मुलांच्या बरोबरीने उतरू इच्छिणारी. माझ्या लेखी खरा ऐवज पूर्वार्धात आहे. तेथे आईबापांची हकीकत आहे. बाप हरिश्चंद्र हा विद्वान, कर्मठ, धर्माच्या प्रश्नाने अंतर्बाह्य ढवळून निघालेला. त्याने नवा धर्म स्वीकारला तो विचारांती. पण त्याची बायको राधा, कोवळ्या वयाची, नवऱ्याच्या डोक्यात चाललेल्या वादळाचा जिला गंधही नव्हता, तिच्यापुढे एके दिवशी हा सगळा निर्णय तयार होऊन उभा राहतो. एकीकडे माहेर, गोत, देव, दुसरीकडे नवरा. ती आनंदाने गेली नाही. तिचे जुने देव एका दिवसात सुटले नाहीत. मुलगी ख्रिस्ती, पुस्तक ख्रिस्ती मासिकातले, वाचकही बहुतेक ख्रिस्ती. तरीही आईच्या त्या वेळच्या आकांतावर तिने पडदा ओढला नाही.

हा भाग मी पुनःपुन्हा वाचला याचे कारण गोमंतकाच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी या तीन महालांत किती घरे अशी मधोमध फाटली असतील! एक भाऊ नदी ओलांडून देवाबरोबर अंत्रुजेत गेला, दुसरा जमिनीसाठी वा जिवासाठी मागे राहिला, हे आपण कागदपत्रांतून आणि कुळकथांतून जाणतो. परंतु मागे राहिलेल्याची बायको त्या रात्री काय म्हणाली? तिला कोणी विचारले का? दोन्ही बाजूंच्या बखरींत, पाद्र्यांच्या पत्रांत आणि आपल्या देवस्थानांच्या महात्म्यांत, तिचा एकही शब्द माझ्या वाचनात आलेला नाही. गोव्याच्या ख्रिस्ती घरातील विमला देवी यांचा 'मोंसांव' हा पोर्तुगीज कथासंग्रह १९६३ मध्ये लिस्बनला निघाला. त्यात भाटकार आणि मुंडकार यांचे जग मोठ्या आस्थेने उभे केले आहे, पण ते विसाव्या शतकाचे जग. सोळाव्या शतकातली ती बायको अबोलच राहिली. नगरची राधा ही काही साष्टीची नव्हे. काळ वेगळा, प्रसंग वेगळा. तिच्या नवऱ्यावर जुलूम कोणी केला नव्हता, आणि हा भेद विसरून चालणार नाही. तथापि घर फाटताना आतून कसा आवाज येतो हे जिने ऐकले त्या स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या मुलीची ही साक्ष आहे आणि अशी साक्ष आपल्याजवळ दुसरी नाही.

आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. 'सगुणे'त मिशनच्या गोऱ्या बायकांविषयी जे आले आहे ते खुशामतीचे मुळीच नाही. एतद्देशीय ख्रिस्ती मुलींकडे त्या ज्या अनुकंपेच्या, म्हणजे वरून खाली पाहण्याच्या, दृष्टीने पाहत ती लेखिकेला बोचली आणि तिने ती बोच लिहून ठेवली. आपल्या पूर्वजांच्या विद्वत्तेचा अभिमानही तिने लपविला नाही. कधी कधी तर तो अभिमान जातीच्या अभिमानाकडे झुकतो आणि मग वाचताना अवघडल्यासारखे होते.

आता 'कमला'. हिच्यात ख्रिस्ती पात्रांची कथा नाही. लेखिकेने तिला हिंदू जीवनाची कथा म्हटले आहे आणि ते नाव सार्थ आहे. कमला ही डोंगरावरच्या देवळाजवळ विरक्त बापाबरोबर वाढलेली एकुलती मुलगी. रान, झरे आणि एकांत एवढेच तिचे बालपण. शिवगंगा हे तिचे सासरचे गाव कल्पित आहे, परंतु वाचताना सह्याद्रीच्या कुशीतला नाशिक-त्र्यंबकेश्वराकडील मुलूख डोळ्यांपुढे उभा राहतो. सासरी शास्त्र्याचे घर, कडक सासू, टोचून बोलणाऱ्या नणंदा. नवरा गणेश हा शिकलेला. आरंभी तो बायकोला वाचावयास शिकवू लागतो, पण घरातल्या बायकांच्या टोमण्यांपुढे त्याचा उत्साह टिकत नाही. पुढे सई नावाची एक चतुर, देखणी स्त्री त्याला वश करून घेते आणि कमलेचा संसार मोडतो. शेवटी वैधव्य येते. पदरची मुलगीही जाते.

कथानक एवढेच सांगितले तर त्या काळच्या दहा कथांसारखे वाटेल. पुस्तकाचा जीव कथानकात नाही. पाणवठ्यावर जमलेल्या सासुरवाशिणींच्या बोलण्यात तो आहे. या पोरी नदीवर येतात तेव्हाच काय त्या मोकळ्या. तेथे कोणी सासूची नक्कल करते, कोणी माहेरचा निरोप आला म्हणून मिरवते, कोणी अंगावरचा वळ पदराने झाकते आणि तो दुसरीच्या नजरेस पडतोच. यात्रेला निघालेला बायकांचा घोळका, लग्नघरची गर्दी, सणाच्या आदल्या दिवशीची धांदल, ही सारी चित्रे अशा स्त्रीने रेखाटली आहेत जिला स्वतःला त्या सणाला बसावयास पाट नव्हता. मग तिला हे कळले कोठून? आईकडून, हे उघड आहे. राधाबाई धर्म सोडून आल्या, पण त्या घराच्या आठवणी, गाणी, गोष्टी आणि भीतीसुद्धा बरोबर घेऊन आल्या आणि मुलीला देऊन गेल्या.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे असे एक कारण आहे. आपल्या त्या काळच्या मराठी लेखकाला सासुरवाशिणीची सकाळ कशी उजाडते हे सांगण्याची गरजच भासत नव्हती. वाचकाच्या घरी ती रोजच उजाडत होती. कृपाबाई इंग्रजीत लिहीत होत्या, मद्रासच्या आणि विलायतेच्या वाचकांसाठी. त्यामुळे त्यांना सगळेच सांगावे लागले; कोण कोणाच्या आधी उठते, पाणी कोण भरते, नवऱ्याशी चारचौघांत बोलावयाचे की नाही. परक्यासाठी केलेला हा खुलासा शंभरावर वर्षांनी आपल्याच उपयोगी पडतो, कारण त्या सकाळीला आता आपणही परकेच झालो आहोत. त्यांच्या इंग्रजीखाली मराठी वाहते हेही जाणवते. घरात कोकणी बोलून देवापुढे मराठी आरती म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना ही दुहेरी वाणी नवी वाटू नये. हृदयात एक भाषा आणि कागदावर दुसरी, हा अनुभव आपला पिढीजात आहे.

कमलेवर प्रेम करणारा एक पुरुष या कथेत आहे. रामचंद्र हा तिचा आप्त, तिच्या बापाच्या सहवासात वाढलेला, बुद्धिमान आणि सुशील. तो तिला पुनर्विवाहाविषयी विचारतो. येथे लेखिकेपुढे सर्व वाटा मोकळ्या होत्या. पदमनजींनी यमुनेसाठी जे केले ते तिला सहज करता आले असते. तिच्या वाचकांनी तिची पाठच थोपटली असती. कमला नकार देते. तिचे मन त्याच्याकडे ओढ घेते, पण तिची श्रद्धा, तिचे संस्कार तिला धरून ठेवतात. लेखिकेच्या मते ती श्रद्धा ओबडधोबडच आहे, आणि तरीसुद्धा विजय त्या श्रद्धेचा झाला असे ती प्रांजळपणे नमूद करते. कमला हिंदूच राहते.

या नकाराचा अर्थ काय लावावा? सुधारकी वृत्तीचा वाचक हळहळेल आणि म्हणेल की रूढीचा पगडा इतका! जुन्या वळणाचा वाचक सुखावेल आणि म्हणेल की पाहा, परधर्मातल्या लेखिकेनेही आमच्या पातिव्रत्यापुढे मान तुकविली! मला दोघांचेही पटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे कृपाबाईंना कमला पुरती ओळखीची होती आणि ओळखीच्या माणसाकडून न होणारी गोष्ट त्यांनी लेखणीच्या जोरावर करवून घेतली नाही. प्रचारकाला पात्राचे मन वळवावयाचे असते. कृपाबाईंनी तो मोह टाळला, आणि असा मोह टाळणाऱ्या लेखकाच्या शब्दावर इतिहासाचा वाचक थोडा अधिक विश्वास ठेवू शकतो.

आमच्या घरी माझ्या वडिलांची एक आत्या होती. घरातले सारे तिला आका म्हणत. नवव्या की दहाव्या वर्षी विधवा झालेली, तांबडे अलवण नेसणारी. देवळातल्या उत्सवाच्या वाती तिने वळलेल्या असत, नैवेद्याच्या स्वयंपाकाचे सोवळे तिच्या हातचे. पण लग्नमुंजीच्या वेळी ती मागच्या पडवीत असे आणि आम्हा मुलांना ते कधी वेगळे वाटले नाही. तिला शेकडो ओव्या पाठ होत्या. तिने आयुष्यात एकही अक्षर लिहिले नाही. ती गेली तेव्हा तिच्या पेटीत दोन अलवणे, एक जपमाळ आणि पंढरपूरच्या यात्रेतली बुक्क्याची पुडी निघाली. तिच्या मनात काय होते याचा लेख कोठेच नाही. कमलेची पाने वाचताना मला आका दिसू लागली, एवढे मात्र खरे. तिला विचारावयाचे प्रश्न मला सुचले ते पुस्तक वाचल्यावर, आणि तोवर ती जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती.

याच काळातले दुसरे पुस्तक शेवंतीबाई निकंबे यांचे 'रतनबाई'. इंग्रजीतच, १८९५ चे, लंडनला छापलेले. शेवंतीबाई याही ख्रिस्ती. मुंबईत विवाहित हिंदू मुलींसाठी त्या शाळा चालवीत. त्यांची रतन ही अकरा वर्षांची बायको. तिची शाळा घरच्या मोठ्यांच्या धाकाने बंद पडते आणि नवऱ्याच्या आग्रहामुळे पुन्हा सुरू होते. पुस्तक लहान आणि कलेच्या दृष्टीने सामान्य आहे. तरी येथेही कोणाचे धर्मांतर होत नाही. शेवंतीबाईंना मुली शाळेत हव्या होत्या आणि त्यासाठी आयांचा, सासवांचा विश्वास हवा होता. पुस्तकाचा सौम्य सूर त्या व्यवहारी शहाणपणातून आला असावा. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, त्यावरून पुण्यामुंबईत उठलेले रान आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरचा १८९३ चा गदारोळ ध्यानी घेतला की, त्या दोनचार वर्षांत ख्रिस्ती बाईने हिंदू घराविषयी लिहिणे किती नाजूक झाले होते हे समजते.

या पुस्तकांचे दोष मी झाकीत नाही. सासू ही बहुधा काळ्या रंगातच रंगविलेली असते. ती स्वतः केव्हातरी सून होती हे लेखिकेला क्वचितच आठवते. पुजारी आणि शास्त्री यांच्यात लोभी व ढोंगी यांचेच प्रमाण अधिक. देवळातील पूजा दिसते ती दुरून, उंबरठ्याबाहेरून. गाभाऱ्यातल्या समईच्या उजेडात भाविकाच्या मनाला काय होते ते यांना सांगता आलेले नाही, आणि येणारही नव्हते. 'सगुणे'त उपदेशाची पाने येतात तेव्हा ती मी भरभर उलटतो. शिवाय ही साक्ष ब्राह्मण घरांची आहे. शेतकरणीचे, कुळंबिणीचे, देवळाच्या सेवेत असलेल्या बायकांचे घर या पुस्तकांत नाही. साक्षीदार एका खोलीतून पाहतो तेव्हा त्याची साक्ष त्या खोलीपुरतीच धरावी. बखरींनाही आपण हाच न्याय लावतो. बखरकार आपल्या धन्याच्या बाजूने लिहितो म्हणून कोणी बखर फेकून देत नाही.

कोणी विचारील की, लक्ष्मीबाई टिळकांना मग आपण कसे जवळ केले? नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि नंतर १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध झाली आणि कोणत्याही घरात, कोणत्याही वाचनालयात ती परकी ठरली नाहीत. राधेची जी व्यथा तीच लक्ष्मीबाईंची. फरक भाषेचा. लक्ष्मीबाई मराठीत बोलतात, हसत बोलतात, आणि त्यांच्या हसण्यापुढे धर्माची भिंत उभी राहूच शकत नाही. कृपाबाईंना ही भाषा शाळेने आणि परमुलखाने दुरावली. त्या मराठीत लिहित्या तर आपल्या लेखिकांच्या मालिकेत त्यांचे नाव साळूबाई तांबवेकर आणि काशीबाई कानिटकर यांच्याबरोबर घेतले गेले असते, यात मला शंका वाटत नाही.

एक तुलना मात्र राहून राहून मनात येते. 'कमला' मद्रासेस लिहिली जात होती त्या सुमारास पुण्यात हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही 'करमणूक' पत्रातून येत होती. १८९० पासून ती क्रमाने छापली गेली. तिच्या नायिकेचे नाव यमू. पदमनजींच्या यमुनेशी हे नाव जुळते ते योगायोगाने की जाणूनबुजून, हे हरिभाऊच जाणोत. यमूही विधवा होते. तिच्यावर बळजबरीने केशवपनाचा प्रसंग येतो आणि त्या धक्क्यातून ती सावरत नाही. हरिभाऊंचा कळवळा अस्सल होता आणि त्यांच्या हाती मराठी होती, म्हणून यमूचे दुःख घरोघर पोहोचले. पण तिला जगविण्याचा मार्ग त्यांना दिसला नाही. बाबा पदमनजींना जो दिसला तो घराबाहेरचा होता. कृपाबाईंची कमला घर सोडीत नाही, देव सोडीत नाही, दुसरा विवाह करीत नाही आणि मरतही नाही. तिच्या हाती पैसा येतो, आणि तो ती स्वतःच्या मताने इतरांच्या उपयोगासाठी खर्च करते. गावात तिचे नाव आदराने घेतले जाऊ लागते. आजारी असताना, मूल गमावल्यानंतर, आयुष्याचे शेवटचे महिने उरलेले असताना कृपाबाईंनी ही हिंदू विधवा अशा रीतीने जिवंत ठेवली.